विचारणाऱ्याला उत्तर देता यावे म्हणून : नाशिकच्या कॅथलिकांसाठी काही सूचना

नाशिकमध्ये श्रद्धा चार भिंतींआड ठेवण्याची रीत नाही. रामकुंडावर पहाटेपासून स्नाने आणि विधी चालू असतात, श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते, आषाढीच्या आधी निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरकडे निघते आणि सिंहस्थ जवळ आला की सारे शहरच त्याच्या तयारीला लागते. अशा शहरात राहणारा कॅथलिक माणूस मात्र कारखान्यात, कचेरीत किंवा सोसायटीच्या बैठकीत धर्माचा विषय निघाला की ‘आम्ही रविवारी चर्चला जातो’ एवढे सांगून गप्प बसतो. त्याची श्रद्धा कमी असते असे नव्हे. सांगायचे काय हे ठरलेले नसते, मराठीत शब्द चटकन सुचत नाहीत आणि ‘हा आता आपल्याला बाटवायला निघाला’ असे समोरच्याला वाटेल की काय, अशी धास्ती असते. पुढील सूचना अशा प्रापंचिक माणसासाठी आहेत. प्रवचन करणे, पत्रके वाटणे किंवा चौकात उभे राहून बोलणे हा त्यांचा विषय नाही.

आधी क्रम समजून घ्यावा

संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की, तुमच्या ठायी असलेल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव तयार असा, परंतु ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्या. येथे प्रश्न आधी येतो आणि उत्तर नंतर. पोप सहावे पॉल यांनी ८ डिसेंबर १९७५ रोजी प्रसिद्ध केलेल्या सुवार्ताप्रसारावरील पत्रातही हाच क्रम आहे : ख्रिस्ती माणसाचे जगणे पाहून शेजाऱ्याच्या मनात ‘ही माणसे अशी का राहतात?’ असा प्रश्न उभा राहिला पाहिजे. मात्र त्याच पत्रात ते लगेच बजावतात की, साक्ष कितीही उत्तम असली तरी तिचे कारण शब्दांत सांगितले नाही, तर ती अखेरीस अपुरी पडते. ‘सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’ हे वाक्य संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावावर सर्रास खपवले जाते. त्यांच्या लेखनात ते कोठेही आढळत नाही, आणि माझ्या मते न बोलण्यासाठी ती एक सोयीस्कर सबब झाली आहे.

म्हणजे शिकायच्या गोष्टी तीन आहेत : आपले आचरण दिसू देणे, विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे आणि उत्तर संपले की थांबणे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि आपल्याविषयीचा विश्वास मुख्यतः तिच्यामुळेच टिकतो.

एक पानभर लेखन

बोलण्याआधी लिहून पाहावे. एका कोऱ्या पानावर, ‘मी कॅथलिक का आहे’ याचे उत्तर रोजच्या मराठीत लिहावे. ‘आईवडील होते म्हणून’ हे उत्तर खोटे नाही, पण ते पहिलेच वाक्य असावे, शेवटचे नव्हे. प्रार्थनेचा आधार केव्हा वाटला, पापनिवेदनानंतर, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली दिल्यावर, मनावरचे कोणते ओझे उतरले, क्षमा करणे कोणत्या प्रसंगी जड गेले आणि तरी का केली, असे आपल्या आयुष्यातले दोन प्रसंग त्यात यावेत. ते खरे असावेत आणि लहान असावेत. चमत्कार घडला नसेल तर रंगवू नये.

नाशिकच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजांत, अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली मराठी कुटुंबे आहेत, तशीच गोव्याची, वसईची, तामिळनाडूची आणि केरळचीही आहेत. अनेकांच्या घरी प्रार्थना कोंकणीत, तमिळमध्ये किंवा इंग्रजीत होते आणि धर्मशिक्षणही शाळेत इंग्रजीतच झालेले असते. अशांनी काही महिने मराठी मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) आवर्जून बसावे, ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ ही श्रद्धेची मुख्य विधाने सांगणारी प्रार्थना मराठीत पाठ करावी आणि त्यातले प्रत्येक वाक्य साध्या बोलीत सांगून पाहावे. ज्या वाक्याशी आपण अडखळतो, तेथे आपलेच ज्ञान तोकडे आहे असे समजून फादरांना किंवा सिस्टरांना विचारावे. लिहिलेले पान अखेरीस धर्मग्रामाबाहेरच्या एखाद्या जुन्या मित्राला दाखवावे. ‘तारण’, ‘कृपा’, ‘अभिषेक’ अशा शब्दांपाशी त्याची नजर कोठे थबकते, ते पाहून तेथे सोपे लिहावे.

दिसू द्यावे

मुद्दाम काही दाखवायचे नाही, फक्त लपवायचे थांबवायचे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील जेवणाची सुट्टी घ्या. डबा उघडण्याआधी टेबलाखाली हात नेऊन घाईघाईने क्रुसाची खूण करणारे बरेच आहेत. तीच खूण कपाळापासून छातीपर्यंत आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, नेहमीच्या गतीने, सर्वांसमोर करावी. कोणी विचारलेच तर, ‘जेवणाआधी देवाचे आभार मानतो; तुमच्याकडे श्लोक म्हणतात, आमच्याकडे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचे नाव घेतात,’ एवढे पुरे. त्रैक्याचे रहस्य भाजी-पोळीच्या वेळी उलगडण्याची गरज नाही.

राखेचा बुधवार हा वर्षातील सर्वांत मोठा मोका असतो आणि आपण तो बहुधा वाया घालवतो. सकाळच्या मिस्सेत फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात आणि कचेरीच्या दारात पोहोचेपर्यंत आपण तो रुमालाने पुसून टाकतो. तो राहू द्यावा. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात वाढलेल्या माणसाला कपाळावरची राख अनोळखी नसते. तो सहज विचारतो, ‘आज भस्म लावलंत?’ तेव्हा सांगावे की, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते, ती लावताना ‘माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस’ अशा अर्थाचे शब्द उच्चारतात आणि आजपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. मग हमखास दुसरा प्रश्न येतो : ‘म्हणजे तुमच्यातही उपवास असतात?’ राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) उपवास असतो, प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला ठेवतात, हे ऐकून अनेकांना खरोखर नवल वाटते. या दोन मिनिटांत प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्ही गोष्टी सांगून झालेल्या असतात.

नेहमी येणारे प्रश्न

प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात, त्यामुळे उत्तरेही तयार ठेवता येतात. काही अगदी हलके असतात. नाशिक द्राक्षांचे आणि वाइनचे गाव असल्याने ‘तुमच्या चर्चमध्ये वाइन देतात ना?’ हा प्रश्न मिश्कीलपणे विचारला जातोच. मिस्सेत वापरायचा द्राक्षारस शुद्ध आणि द्राक्षांचाच असावा असा धर्मसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, नियम आहे, आपल्याकडे भाविकांना बहुतेक वेळा फक्त भाकरीच्या रूपातील ख्रिस्तप्रसाद मिळतो आणि आम्ही तो येशूचे शरीर म्हणून स्वीकारतो, हे हसतहसत पण स्पष्ट सांगावे.

‘तुम्हीही मूर्तिपूजाच करता की!’ हा प्रश्न मारियामातेच्या पुतळ्यासमोर मेणबत्ती लावताना पाहून येतो. आराधना केवळ देवाची, संतांचा आणि मारियामातेचा सन्मान, आणि त्यांच्याकडे आपल्यासाठी देवाकडे विनंती करण्याची प्रार्थना, असा भेद कॅथलिक शिकवणुकीत आहे. प्रतिमांविषयीचा निर्णय इसवी सन ७८७ च्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेत झाला. मात्र हे उत्तर देताना समोरच्याच्या देव्हाऱ्यावर अप्रत्यक्ष टीका होणार नाही याची काळजी घ्यावी. ‘आमचे तुमच्यासारखे नाही’ असा सूर लागला की संवाद तेथेच संपतो.

‘तुम्ही शरणपूरचे का?’ असेही विचारतात. शरणपूरची जुनी ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन, म्हणजे प्रॉटेस्टंट, मिशनने वसवली. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि बिशप थॉमस भालेराव हे त्याचे पहिले धर्माध्यक्ष होते. वाचनाची आवड असलेला शेजारी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे नाव काढील. ते प्रॉटेस्टंट होते असे सांगावे, पण ‘आमचे नव्हेत’ अशा स्वरात नव्हे. मराठी ख्रिस्ती म्हणून त्यांचा अभिमान आपल्यालाही आहेच.

‘धर्म परदेशी’ या आक्षेपाला वाद घालून नव्हे, माहिती देऊन उत्तर द्यावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते. एवढ्या दोन गोष्टी पुरतात.

पैशांचा प्रश्न बोचतो. ‘ख्रिस्ती होण्याचे किती मिळाले?’ असे विचारले की रक्त तापते, आणि नेमके तेव्हाच शांत राहायचे असते. खरी गोष्ट उलटी आहे : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. म्हणजे बाप्तिस्मा घेतल्याने अनेक कुटुंबांच्या पदरी सवलती पडल्या नाहीत, होत्या त्या गेल्या. हे आकस न ठेवता सांगावे. याच कारणाने आपल्यातील काही कुटुंबे कागदावर आणि चारचौघांत आपला धर्म बोलून दाखवत नाहीत. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार ज्यांना काहीच गमवायचे नाही अशांना तर मुळीच नाही. मोकळेपणा हा स्वतः निवडायचा असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र प्रेमाने विचारला जातो. ‘देव एकच आहे, नावे वेगळी, मग तुम्ही काय आणि आम्ही काय?’ असे म्हणणारी शेजारीण भांडायला आलेली नसते, ती आपल्याला जवळ ओढत असते. येथे दोन्ही बाजूंना घसरण आहे. ‘हो हो, सगळे सारखेच’ म्हटले की सोपे जाते, पण ते आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक नसते. ‘नाही, येशूशिवाय सगळे व्यर्थ’ असे म्हटले तर ते धर्मसभेच्या शिकवणुकीशीही प्रामाणिक नसते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात म्हटले आहे की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही कॅथलिक धर्मसभा नाकारत नाही. आणि त्याच परिच्छेदात ख्रिस्त हा मार्ग, सत्य व जीवन आहे हे जाहीर करणे हे तिचे कर्तव्य असल्याचेही म्हटले आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरायची असतात. व्यवहारात असे म्हणता येते : ‘काकू, तुमची भक्ती मी रोज पाहते आणि ती खरी आहे याबद्दल मला शंका नाही. माझ्यापुरते विचाराल तर देव मला येशूमध्ये भेटला, तो माझ्यासाठी माणूस झाला आणि क्रुसावर मेला, हे मला दुसऱ्या कशाच्या बरोबरीने ठेवता येत नाही.’ यानंतर गप्प राहावे. काकू काही बोलल्या तर ऐकावे, नाही बोलल्या तर चहा ठेवावा.

प्रसादाचा पेच

गणपतीत आणि सत्यनारायणाला शेजारून प्रसाद येतोच. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात अर्पण केलेल्या अन्नाचा विचार दोन प्रकरणांत केला आहे आणि त्यात आपल्या स्वातंत्र्यापेक्षा दुसऱ्याच्या सदसद्विवेकाला अधिक महत्त्व दिले आहे. आपल्यातील काहीजण प्रसाद सलोख्याची भेट म्हणून घेतात, काहीजण घेत नाहीत. काय करायचे ते फादरांशी बोलून एकदा ठरवावे आणि मग वर्षभर तेच करावे. एका घरी घ्यायचा आणि दुसऱ्या घरी नाकारायचा, हे सर्वांना दिसते. नाकारायचा असेल तर हात जोडून, दारातच आणि कारण सांगून नाकारावा. समोर घेऊन नंतर कचऱ्यात टाकणे हे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्यात शेजाऱ्याचा अपमान आहे आणि आपला खोटेपणाही. नाताळात आपण करंज्या आणि केक घेऊन त्यांच्या दारी जातो, तेव्हा आपल्याला काय अपेक्षित असते हे आठवले तरी वागणे सुधारते.

बोलावणे

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवळात दर वर्षी फेब्रुवारीत यात्रा भरते, अनेक भाषांत मिस्सा होतात आणि रांगेत उभ्या असलेल्यांत ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने असतात. ज्याने कधी चर्चमध्ये पाऊल ठेवलेले नाही त्याला प्रथम येथे न्यावे, कारण येथे तो एकटा परका वाटत नाही. रांगेत उभे असताना बोलायला वेळही भरपूर मिळतो. बाळ येशूची ही भक्ती प्रागहून आली, तेथील कार्मेलाइट मठाला १६२८ मध्ये तो पुतळा भेट मिळाला आणि राजवस्त्रांतले हे बालक म्हणजे नाताळात गोठ्यात पाहिलेला तोच येशू, एवढे सांगितले की पुढचे प्रश्न पाहुणाच विचारतो. ‘आमचा बाळकृष्णच जणू’ असे तो म्हणाला तर लगेच खोडून काढू नये. देवाने लहान मूल होणे त्याला ओळखीचे वाटते, हा आपल्या बोलण्याचा चांगला आरंभ आहे. साम्य मान्य करून मग येशूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान यांकडे वळावे.

नाताळच्या रात्री त्र्यंबक नाक्यावरच्या होली क्रॉस चर्चमध्ये किंवा आपल्या धर्मग्रामात कोणाला मिस्सेला नेत असाल, तर आधी घरीच तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. मिस्सा साधारण किती वेळ चालेल; सर्वांबरोबर उभे राहणे-बसणे पुरेसे आहे, गुडघे टेकलेच पाहिजेत असे नाही; आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत यायचे नसते. ही शेवटची गोष्ट सांगायला आपण संकोचतो आणि मग पाहुणा इतरांमागून वेदीपर्यंत जातो, फादर हळूच विचारतात आणि सर्वांचीच पंचाईत होते. ‘आम्हीही बाप्तिस्मा आणि तयारी झाल्याशिवाय तो घेत नाही, त्या वेळी तुम्ही जागेवर बसून प्रार्थना करा, मीही लगेच परत येतो,’ असे सांगितले तर कोणी दुखावत नाही. मागच्या बाकांवर न बसता मधल्या भागात, कडेला बसावे, म्हणजे वेदीवरचे दिसतेही आणि मध्येच बाहेर पडता येते.

कोठे थांबावे

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून दिले आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. धर्मसभेचा स्वतःचा नियम याहून सैल नाही. व्हॅटिकन परिषदेच्या मिशनकार्यावरील आज्ञापत्रात कोणालाही श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे किंवा आमिष दाखवणे सक्त मना केले आहे.

म्हणून जेथे समोरचा माणूस आपल्यावर अवलंबून आहे, तेथे आपण होऊन विषय काढू नये. शिक्षकाने विद्यार्थ्याजवळ, नर्सने रुग्णाजवळ, सुपरवायझरने हाताखालच्या कामगाराजवळ, मालकिणीने घरकामाच्या बाईजवळ हे पथ्य कडक पाळावे. पैशांची मदत आणि धर्माची गोष्ट एका बैठकीत कधीही करू नये. फी भरायला पैसे दिले असतील तर त्या कुटुंबाशी त्या काळात श्रद्धेविषयी बोलूच नये. दुसऱ्यांच्या मुलांना आईवडिलांना न विचारता प्रार्थनासभेला नेऊ नये. आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर ‘मी घरी तुमच्यासाठी जपमाळ म्हणेन, चालेल ना?’ असे विचारावे. खाटेशेजारी हात ठेवून मोठ्याने प्रार्थना त्याने स्वतः म्हटल्याशिवाय नको, आणि औषध बंद करण्याचा सल्ला तर कदापि नको.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी वचने टाकणे हा मोकळेपणा नव्हे. नाताळ-ईस्टरच्या शुभेच्छा जरूर द्याव्यात, दिवाळी-गुढीपाडव्याच्या शुभेच्छांना उत्तर द्यावे, आणि ख्रिस्ती लोकांविषयी खोटी बातमी फिरू लागली तर एकदाच, थोडक्यात, खरी माहिती द्यावी. गटावर वादाने वाद वाढवू नये. ज्याला खरोखर बोलायचे आहे त्याला खाली बागेत भेटायला बोलवावे.

कोणी अधिक विचारू लागले तर

क्वचित एखादा माणूस प्रश्न विचारायचा थांबत नाही. तो शुभवर्तमान (बायबलमधील येशूच्या चरित्राचे पुस्तक) मागतो, पुन्हा मिस्सेला येतो, प्रार्थना शिकवा म्हणतो. अशा वेळी आपण गुरू बनू नये. त्याला संत लूकचे किंवा संत मार्कचे शुभवर्तमान द्यावे आणि तो तयार असेल तर धर्मग्रामाच्या फादरांची वेळ घेऊन द्यावी. त्याने घरच्यांपासून हे लपवू नये, असा आग्रह आपणच धरावा. प्रौढाचा बाप्तिस्मा आठवड्या-पंधरवड्यात उरकण्याची गोष्ट नसते. त्याआधी दीक्षार्थी म्हणून शिक्षणाचा मोठा कालावधी असतो, त्यात त्याला केव्हाही मागे फिरण्याची मोकळीक असते आणि शेवटी संस्कार बहुधा ईस्टरच्या जागरणविधीत होतो. कायद्याची बाजू त्या वेळी काय आहे, ते फादरांनी आणि जाणकार वकिलाने पाहावे. पहिल्या भेटीला आपण त्याच्याबरोबर जावे, ओळख करून द्यावी आणि बाहेर येऊन थांबावे. दुसऱ्या भेटीपासून त्याला एकट्याने जाऊ द्यावे, म्हणजे पुढे यायचे की नाही हे तो आपल्या तोंडाकडे न पाहता ठरवू शकेल.